थ्रॉटल बॉडी स्पेसर: शिट्टी फुकट, ताकद तेवढीच

रिव्ह्यू कशाचा ते आधी सांगतो. 2005 ची शेवरले सिल्व्हराडो, 5.3 लिटर व्ही-एट, आणि तिच्या इंजिनावर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा कमी-जास्त सोडणाऱ्या पाकळीचं घर) आणि इनटेक मॅनिफोल्ड (ती हवा सिलिंडरांना वाटणारा भाग) यांच्या मध्ये बसवलेला एक इंच जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असले स्पेसर कितीतरी कंपन्या बनवतात, सगळ्यांचं काम एकच आणि खोक्यावर लिहिलेलं पण साधारण एकच, हॉर्सपॉवर वाढेल, टॉर्क वाढेल, अ‍ॅव्हरेज सुधारेल. ट्रक म्हणजे इथे अमेरिकेत पिकअप बरं का, आपल्याकडचा दहा चाकी नव्हे. मी ह्यूस्टनला असतो, ट्रक सेकंडहँड घेतलेला आहे आणि स्पेसर आधीच्या मालकाने बसवलेला होता. म्हणजे माझे त्यात पैसे गेलेले नाहीत, त्यामुळे गोड बोलायची सक्ती नाही आणि राग काढायची पण गरज नाही.

आता मंडळात पिकअपवाला म्हटलं की गणपतीचं मखर, स्पीकर, खुर्च्या सगळं आपल्याच गाडीत येतं, आणि ते चढवता-उतरवताना बॉनेट उघडून गप्पा पण होतात. तिथे हल्ली दोघातिघांनी नवीन-जुने पिकअप घेतलेत आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, दादा स्पेसर टाकू का, फक्त शंभर डॉलरच्या आसपास तर आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो, परत परत तोंडाची वाफ दवडायला नको.

पहिली गोष्ट, वस्तू दिसायला झकास आहे. जाड अ‍ॅल्युमिनियम, स्वच्छ मशिनिंग, आतल्या भोकाला स्क्रूच्या आट्यांसारखे गोल गोल खाचे पाडलेले. बिघडण्यासारखं काहीच नाही त्यात, वीस वर्षं राहील. बसवायला पण सोपा, इनटेकचा पाइप काढा, थ्रॉटल बॉडीचे तीन बोल्ट काढा, मध्ये स्पेसर आणि गॅस्केट, वर लांब बोल्ट, झालं. माझ्या ट्रकमध्ये थ्रॉटल बॉडीतून कूलंटची बारीक नळी जाते, ती एक इंच पुढे आल्यामुळे जरा ताणलेली होती आणि इनटेकचा रबरी पाइप पण थोडा तिरका बसलेला होता. चालून जातं तसं, पण एवढ्या सुबक वस्तूबरोबर दोन इंच जास्तीची नळी द्यायला काय हरकत होती कळत नाही.

दुसरी गोष्ट, शिट्टी. हलकासा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वीऽऽ असा बारीक आवाज येतो, सिग्नलवरून निघताना आणि पार्किंगमध्ये जास्तच. थ्रॉटलची पाकळी थोडीशीच उघडी असली की तिच्या कडेवरून हवा जोरात घुसते आणि समोरच त्या खाचांवर आपटते, त्याचा तो आवाज. बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं, "अहो, ही शिट्टी कसली, टर्बो आहे का याला?" टर्बो वगैरे काही नाही. पण खरी मेख इथेच आहे, इंजिनातून नवीन आवाज यायला लागला की गाडी जोरात पळतीये असं वाटायला लागतं, कानाला वाटतं आणि मग बुडाला पण वाटतं. स्पेसर विकला जाण्यात या शिट्टीचा वाटा मोठा आहे असं माझं स्पष्ट मत.

आता मुद्द्याचं, ताकद वाढते का? नाही. काढून चालवला, परत लावून चालवला, ट्रेलर लावून चालवला, ह्यूस्टनच्या सपाट रस्त्यावर आणि केर्व्हिलच्या बाजूच्या चढांवर पण चालवला, माझ्या पायाला तरी शून्य फरक. पण पायाचं काय खरं नसतं म्हणून आकडे बघितले. 1996 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्या गाड्यांना ओबीडी-टू चा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचा, सॉकेट असतो, त्यात लावायचं यंत्र फार महाग मिळत नाही, ते मोबाइलला जोडलं की मॅनिफोल्डमधला हवेचा दाब थेट दिसतो. ही टेस्ट कोणीही करू शकतो आणि डायनोपेक्षा (गाडीची ताकद मोजायचं यंत्र) मला तर हीच जास्त पटते. चावी ऑन करून इंजिन बंद ठेवलं की बाहेरच्या हवेचा दाब दिसतो, आमच्याकडे समुद्रसपाटीला तो 101 किलोपास्कलच्या आसपास. मग मोकळ्या रस्त्यावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून वरच्या आरपीएमला बघा, माझ्याकडे 97-98 दिसतो. याचा अर्थ काय, तर फिल्टर, पाइप, सेन्सर, थ्रॉटल, या सगळ्यांनी मिळून हवेची जेवढी अडवणूक केली ती तीन-चार टक्के. सगळ्यांनी मिळून! उद्या देव प्रसन्न होऊन ही सगळी अडवणूक शून्यावर आली तरी 295 हॉर्सपॉवरच्या इंजिनात दहाएक हॉर्सपॉवरचीच गोष्ट आहे, आणि स्पेसर तर त्यातली कुठलीच अडवणूक काढत नाही, उलट रस्त्यात एक इंच खाचांचा बोगदा वाढवतो. स्पेसर लावून बघितलं 97-98, काढून बघितलं 97-98. विषय संपला खरं तर, पण आपल्या लोकांना ग्राफ लागतो.

तर डायनो पण केला, जवळच्या एका गॅरेजात काहीजणांनी मिळून वेळ घेतली होती त्यात आपला नंबर लावला. स्पेसरसकट आणि स्पेसरशिवायच्या रेषा कागदावर एकमेकींवर अशा बसल्या की कुठली कुठली ते रंग बघून ओळखायला लागत होतं. डायनोबद्दल एक लक्षात ठेवा, एकाच गाडीची, काहीही न बदलता, लागोपाठ दोनदा टेस्ट केली तरी आकडे हूबेहूब येत नाहीत, दोनचार हॉर्सपॉवर इकडेतिकडे होतातच, इंजिन किती तापलंय, गिअरबॉक्सचं ऑइल किती तापलंय, शटर उघडं का बंद, सगळ्याने फरक पडतो. म्हणून जाहिरातीत एक थंड आणि एक गरम अशा दोन टेस्ट शेजारी ठेवून सहा हॉर्सपॉवर वाढले म्हणून दाखवणं अजिबात अवघड नाही. कोणी ग्राफ दाखवला तर विचारा, आधीच्या किती टेस्टची सरासरी, नंतरच्या किती टेस्टची, आणि स्पेसर परत काढून आकडा पुन्हा खाली आला का. हा शेवटचा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा विषय बदलतो.

का नाही वाढत ते समजून घेतलं तर बाकीचं आपोआप कळतं. खोक्यावर लिहिलेलं असतं की खाचांमुळे हवा भोवऱ्यासारखी फिरते, त्याने पेट्रोल चांगलं मिसळतं आणि चांगलं जळतं. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण माझ्या इंजिनात थ्रॉटल बॉडीतून पेट्रोल जातच नाही हो! मल्टिपोर्ट इंजेक्शन आहे, आठ सिलिंडरला आठ इंजेक्टर, प्रत्येक इंजेक्टर अगदी इनटेक व्हॉल्व्हच्या तोंडाशी पेट्रोल फवारतो. थ्रॉटलपासून तिथपर्यंत नुसती कोरडी हवा जाते. ती भोवऱ्यासारखी फिरली काय आणि सरळ गेली काय, मिसळायला तिथे आहे काय? आणि फिरली तरी पुढे मॅनिफोल्डच्या मोठ्या पोकळीत शिरून ती एकेका रनरकडे (प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी मॅनिफोल्डची नळी) वळते, तिथपर्यंत भोवरा टिकत नाही. अलीकडच्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तर पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं, तिथे हा दावा आणखीच लांब.

दुसरा दावा, मॅनिफोल्डची आतली जागा वाढते म्हणून टॉर्क वाढतो. हिशोब करून बघा, 78 मिलिमीटरचं भोक आणि एक इंच जाडी, म्हणजे साधारण 120 सीसी. एक कटिंग चहा आणि वर दोन घोट, एवढी जागा वाढली, 5,300 सीसीच्या इंजिनाला. आणि टॉर्क कुठल्या आरपीएमला किती मिळणार हे मुख्यतः ठरतं ते पोकळीपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या रनरच्या लांबीवर, त्यात दाबाच्या लाटा मागे-पुढे जातात आणि योग्य वेळी आल्या तर सिलिंडरात थोडी जास्त हवा ढकलतात. स्पेसर बसतो पोकळीच्या अलीकडे, रनरची लांबी तसूभरही बदलत नाही.

अ‍ॅव्हरेजचं तर बोलायलाच नको. रोजच्या ड्रायव्हिंगला थ्रॉटल अर्धवटच उघडा असतो, म्हणजे हवा मुद्दाम आपणच अडवलेली असते पायाने, आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बघून कॉम्प्युटर पेट्रोलचं प्रमाण सतत दुरुस्त करत असतो. तिथे स्पेसर करणार काय? टाकी फुल ते टाकी फुल असा हिशोब ठेवला, फरक आला तो एसी आणि समोरच्या वाऱ्याने पडतो त्याच्या आतला. इथल्या ग्राहक संरक्षणवाल्या सरकारी खात्याने, एफटीसीने, लोकांना सांगून ठेवलंय की ईपीएने, म्हणजे इथल्या पर्यावरण खात्याने, पेट्रोल वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आणि अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. आणि कॅलिफोर्नियात विकायला परवानगीचा नंबर मिळालेला असतो काही स्पेसरना, तो बघून लोक हुरळतात, पण तो नंबर एवढंच सांगतो की धूर वाढत नाही. ताकद वाढते असं तो म्हणत नाही.

मग एवढे लोक फरक पडला म्हणतात ते खोटं बोलतात का? नाही, त्यांना खरंच फरक जाणवलेला असतो बऱ्याचदा. स्पेसर बसवायला थ्रॉटल बॉडी काढावी लागते, काढली की पाकळीच्या मागे काळं चिकट कार्बन दिसतं, ते बघून कुठलाही माणूस क्लीनरचा डबा आणून ते साफ करतो, हात लावलाच आहे तर एअर फिल्टर पण नवीन टाकतो, बॅटरीची केबल काढून लावतो म्हणजे कॉम्प्युटर जुनं शिकलेलं विसरून नव्याने शिकतो. मग आयडलिंग स्मूद होतं, पाय ठेवला की गाडी पटकन उचलते. श्रेय कोणाला, स्पेसरला! क्लीनरचा डबा मिळतो थोडक्या डॉलरात, नुसती साफसफाई करून बघा आधी. फक्त इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर चावी ऑन असताना पाकळीत बोट घालू नका, मोटर आपली वाट बघत बसत नाही.

आमच्या मंडळातला एकजण, नाव नको, त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणतो, "दादा, पण मग ही वस्तू कोणी काढलीच कशाला बाजारात, काहीतरी लॉजिक असेल ना?" आहे ना, लॉजिक आहे, आणि ते कार्बोरेटरच्या काळातलं आहे. तिथे हवा आणि पेट्रोल दोन्ही एकत्रच मॅनिफोल्डमधून जातात. कार्बोरेटर वर बसतो, मिश्रण सरळ खाली पडतं आणि लगेच काटकोनात वळून रनरमध्ये घुसायला लागतं, हवा हलकी म्हणून वळते, पेट्रोलचे थेंब जड म्हणून तळाला आपटतात, मग कुठल्या सिलिंडरला जास्त पेट्रोल आणि कुठल्याला कमी. कार्बोरेटर एक इंच वर उचलला तर वळायला जागा मिळते. इथे स्पेसरला खरंच काम आहे. जीएमच्या (शेवरले बनवणारी कंपनी) 1987 ते 95 च्या पिकअपमध्ये टीबीआय म्हणून प्रकार होता, दोन इंजेक्टर थ्रॉटलच्या वरून पेट्रोल फवारायचे, म्हणजे दिसायला इंजेक्शन पण मॅनिफोल्ड ओलाच, तिथेही हे लॉजिक थोडंफार लागू पडतं. पुढे पेट्रोल व्हॉल्व्हच्या तोंडाशी गेलं, स्पेसरचं काम गेलं, पण जाहिरातीचा मजकूर मात्र तोच राहिला.

कार्बोरेटरच्या स्पेसरमध्येही सरसकट फायदा नाही, कुठल्या मॅनिफोल्डवर कुठला हे बघावं लागतं. चार भोकांचा असतो, त्यात प्रत्येक बॅरलचा (कार्बोरेटरमधलं हवेचं एकेक भोक) रस्ता वेगळा राहतो, हवेचा वेग टिकतो, खालच्या आरपीएमला गाडी मऊ चालते. दुसरा ओपन, मध्ये एकच मोठं भोक. ड्युअल-प्लेन, म्हणजे आतून दोन वेगळे भाग असलेल्या, मॅनिफोल्डवर ओपन स्पेसर टाकला की दोन्ही बाजू वरून एकमेकींना मिळतात, प्रत्येक सिलिंडरला जास्त कार्बोरेटर दिसतो, वरच्या आरपीएमला ताकद वाढते, पण खाली कार्बोरेटरला मिळणारा खेच कमी होतो, मिश्रण पातळ होतं आणि कधीकधी जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) बदलावे लागतात. वाढ किती, तर जुळून आलं तर व्ही-एटला थोडे हॉर्सपॉवर आणि ते पण टॉपला, जुळलं नाही तर कमी पण होतात. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला टॉपचे हॉर्सपॉवर घेऊन करायचंय काय, ओढायला लागतो तो खालचा टॉर्क. म्हणून ट्रकला ओपन स्पेसर मी तरी सुचवणार नाही.

पण एक स्पेसर आहे जो मी डोळे झाकून सुचवेन, तो म्हणजे फेनोलिकचा, बेकलाइटच्या जातीतला, अर्धा इंचाचा. आमच्या शेजारच्या आजोबांकडे सत्तरच्या दशकातला शेवरले सी-10 आहे, 350 क्यूबिक इंचाचं इंजिन, फोर-बॅरल कार्बोरेटर. थंड असताना एका चावीत स्टार्ट. पण ऑगस्टमध्ये दुकानात जाऊन दहा-पंधरा मिनिटांनी परत आलं की घरघर घरघर, सुरूच होणार नाही, आणि बॉनेट उघडलं की पेट्रोलचा भपकारा. इंजिन बंद केल्यावर कूलंट फिरत नाही, पंखा फिरत नाही, खालची सगळी उष्णता मॅनिफोल्डमधून वर चढते आणि कार्बोरेटरच्या बाउलमधलं (पेट्रोल साठवणारी वाटी) पेट्रोल अक्षरशः उकळतं, त्यातून आत थेंब थेंब गळतं आणि इंजिन ओव्हर होतं. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं त्याने हे आणखी वाढतं. त्यांनी आधी अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर टाकलेला, तो तर उष्णता आणखी इमानेइतबारे वर पोचवत होता. तो काढून फेनोलिकचा टाकला, मी मदतीला होतो, आणि त्या उन्हाळ्यात आजोबांची दुकानासमोरची घरघर बंद झाली. इंजिन बंद करून काही वेळाने मी स्वतः हात लावून बघितलं, मॅनिफोल्डला बोट टेकवत नव्हतं आणि कार्बोरेटरच्या बाउलवर हात ठेवता येत होता. ताकद वाढली का विचाराल तर नाही, पण गाडी घरी आली की!

आणि यात नवीन काही नाही, आपल्या जुन्या कार्बोरेटरवाल्या स्प्लेंडरचा कार्बोरेटर काढून बघा, कार्बोरेटर आणि हेडच्या मध्ये काळा जाड इन्सुलेटर असतो तो हाच प्रकार, कंपनीतूनच बसून यायचा. आपले मेकॅनिक तो फुटला तर बदलतात पण त्याने पिकअप वाढतो असं कोणी सांगत नाही.

बाकी रेसिंगवाल्यांचं उदाहरण देतात लोक, तर नॅस्कारची, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या कार रेसिंगची, गंमत ऐका, तिथे कप सीरिजच्या गाड्यांना निमुळत्या भोकाचा स्पेसर लावतात, कशाला, तर ताकद कमी करायला. 2019 मध्ये बहुतेक मोठ्या ट्रॅकवर साडेपाचशे हॉर्सपॉवरच्या आसपास आणायला तो स्पेसर होता.

शंभर डॉलर खर्चच करायचे असतील तर स्पार्क प्लग बघा, टायरची हवा बघा, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं ते बघा. आणि ट्रेलर ओढताना ट्रक खरंच दमत असेल, त्यातून टायर मोठे टाकलेले असतील, तर मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो बदलून घ्या, 3.42 चा 4.10 केला की प्रत्येक गिअरमध्ये चाकाला जाणारा टॉर्क जवळपास वीस टक्क्यांनी वाढतो. खर्च बराच आहे आणि हायवेला आरपीएम वर राहतो, पण निदान गाडी ओढते. डिझेलवाल्यांनी तर या स्पेसरच्या भानगडीत पडूच नये.

मार्क द्यायचे तर मल्टिपोर्ट इंजिनावरच्या अ‍ॅल्युमिनियम थ्रॉटल बॉडी स्पेसरला पाचपैकी एक, तो पण मशिनिंगला. टीबीआयवर दोन, अडीच म्हणा. कार्बोरेटरवर चार भोकांचा फेनोलिक, चार.

ज्यांना फेनोलिकचा बसवायचाच आहे त्यांनी घेण्याआधी बॉनेटची जागा मोजा. सोपी युक्ती, एअर क्लीनरच्या झाकणावर कणकेचे चार गोळे ठेवायचे, वर प्लास्टिकचा कागद, आणि बॉनेट हळूच बंद करून उघडायचं, गोळा किती चेपला ते बघून उरलेली जागा कळते. आजोबांच्या सी-10 मध्ये पाऊण इंच होती, एक इंचाचा स्पेसर झाकणासकट बॉनेटला लागला असता. स्टड लांब लागतात ते स्पेसरबरोबर येतात का विचारून घ्या, कार्बोरेटर वर गेला की अ‍ॅक्सिलरेटरची आणि ऑटो गिअरबॉक्सची केबल परत अ‍ॅडजस्ट करा नाहीतर थ्रॉटल पूर्ण उघडणार नाही आणि ताकद गेली म्हणून स्पेसरला शिव्या द्याल. गॅस्केट दोन्ही बाजूंना नवीनच टाका. बोल्ट आडवे-तिरपे थोडे थोडे आवळा, फेनोलिक जास्त आवळला तर तडकतो, आणि इंजिनावर प्लास्टिकचा मॅनिफोल्ड असेल तर त्यातले आटे जातात. लावल्यावर आयडलिंग वरखाली व्हायला लागलं किंवा इंजेक्शनवाल्या गाडीला पी0171, पी0174 (मिश्रण पातळ असल्याचे) कोड आले तर कुठूनतरी हवा आत ओढतीये, दुसरं काही शोधत बसू नका, आधी तोच जोड तपासा. आणि आठवडाभर गाडी गरम-थंड झाली की इंजिन गार असताना एकदा पाना फिरवून बघा, गॅस्केट बसतं आणि बोल्ट हमखास ढिले झालेले असतात.